रोजा सगळ्यांचा, चूल एकटीची

रमजानचा चंद्र दिसला की वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर खाण्याची छायाचित्रे झळकू लागतात. मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरचे कबाब, पुण्याच्या मोमीनपुऱ्यातल्या भट्ट्या, मालपुव्यांच्या थाळ्या, फालुद्याचे उंच पेले. त्या गल्ल्यांतली रात्रीची गंमत खरीच आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण महिन्याचे एकोणतीस-तीस रोजे त्या गल्ल्यांत पार पडत नाहीत, ते घरात पार पडतात. देवळाली प्रवरा, राहुरी फॅक्टरी, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यातल्या मुस्लिम घरांत पहाटे चारच्या सुमाराला जो कुकर शिट्टी देतो, त्यात कबाब नसतात. त्यात खिचडी असते, डाळ-भात असतो, नाहीतर रात्रीच्या भाजीसोबत गरम पोळ्या होत असतात. शेजाऱ्यांना ती शिट्टी ऐकू येते. त्या वेळी गॅससमोर कोण उभे आहे आणि ते कधीपासून उभे आहे, हा प्रश्न मात्र शेजारी विचारत नाहीत आणि त्या घरातलेही फारसे विचारत नाहीत.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2016 ते 2018 या वर्षांत तो मे-जूनच्या उन्हात होता आणि आपल्या भागात रोजा पंधरा तासांच्या जवळ जात होता. अलीकडे तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊ लागला आणि रोजा तेरा तासांवर आला. रोजाचे तास कमी झाले, चुलीपुढचे तास मात्र तेवढेच राहिले.

रोजा ठेवणाऱ्या गृहिणीचा दिवस कसा जातो, हे ज्यांच्या घरी रमजान नसतो त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवे. घर साडेचारला उठत असेल तर ती पावणेचारला उठते. सहेरी, म्हणजे पहाटेचे जेवण, तयार करायचे, सगळ्यांना उठवायचे, वाढायचे आणि फजरची वेळ होण्याआधी मिळालेल्या पाच-सात मिनिटांत स्वतः दोन घास खायचे. मग भांडी. मग नमाज. सकाळी लहान मुलांचे डबे, कारण लहानांना रोजा नसतो. आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही सवलत असते, म्हणून दुपारी घरातल्या म्हाताऱ्या आजारी माणसासाठी वेगळा स्वयंपाक. मार्चमध्ये कांदा काढणी आणि गव्हाची सोंगणी सुरू असते. जी मजुरीला जाते तिचा दिवस शेतात जातो. असरच्या नमाजनंतर इफ्तारची तयारी, मगरीबला इफ्तार, त्यानंतर रात्रीचे जेवण, पुन्हा भांडी, इशा आणि तरावीहची लांब नमाज, आणि झोपण्याआधी उद्याच्या सहेरीसाठी डाळ भिजत घालणे. एरवी दोन वेळा पेटणारी चूल या महिन्यात चार वेळा पेटते आणि ती पेटवणारी स्वतः उपाशी असते.

ही गोष्ट एकट्या मुस्लिम घराची नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 मधील वेळेच्या वापराच्या पाहणीनुसार, देशात घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्या बिनपगारी कामात जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषाची 97 मिनिटे. आणि मुळात असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात 81 होत्या, पुरुष फक्त 26. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. हे आकडे सर्व धर्मांच्या घरांचे आहेत. सर्वांत शेवटी जेवणारी आणि उरलेले खाणारी बाई कुठल्या एका जातीची नसते. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरून घरच्यांसाठी दोन्ही वेळचा स्वयंपाक करणारी शेजारीण आणि रोजा धरून भजी तळणारी तिची मुस्लिम मैत्रीण, या दोघींची पाठ एकाच ठिकाणी दुखते.

उपवासाच्या दिवशी होणाऱ्या खाण्यावर मराठीने फार पूर्वीच बोट ठेवले आहे: एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि वर रताळ्याचा गोड पदार्थ असे ताट समोर आले की उपवास कशाला म्हणायचे, असा तो टोला आहे. रमजानच्या दस्तरखानालाही तो आता लागू पडतो. एके काळी खजूर, पाणी, एखादे फळ, मूठभर उकडलेले हरभरे आणि कांदाभजी एवढ्यावर सुटणाऱ्या रोजाभोवती समोसे, कटलेट, रोल, दोन सरबते, कस्टर्ड आणि आणखी काहीतरी नवे गोळा झाले. त्याची छायाचित्रे मोबाइलच्या स्टेटसवर लागतात आणि ती पाहून दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातली फर्माईश वाढते. तळण जास्त झाले की रात्रीच्या नमाजमध्ये जडपणा येतो, खारट जास्त झाले की दुसऱ्या दिवशी तहान लागते. हे सगळ्यांना माहीत असते आणि तरी कढई रोज चढते.

धर्म याबद्दल काय म्हणतो, हेही पाहू. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात, सूरह बकरामध्ये, रोजा फर्ज केल्याचे सांगताना त्याचा हेतू माणसाच्या अंगी संयम आणि ईशभय यावे असा दिला आहे. पदार्थांची यादी तिथे नाही. खा-प्या पण उधळपट्टी करू नका, ही ताकीद सातव्या अध्यायात आहे. प्रेषित मुहम्मद घरी काय करत असत, असे हजरत आयेशा यांना विचारले गेले तेव्हा, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सहीह बुखारीत नोंदले आहे. इथे सुन्नत म्हणून दाढीची, मिस्वाकची, खजुराने रोजा सोडण्याची आठवण आवर्जून काढली जाते. घरकामाच्या सुन्नतीची आठवण मात्र क्वचितच निघते.

फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, जुन्या पुस्तकांत याविषयी एक मजेदार आणि तितकाच बोलका मुद्दा आहे. रोजात अन्नाची चव पाहणे टाळावे, असा सर्वसाधारण नियम. पण हनफी शास्त्रकारांनी त्याला एक अपवाद ठेवला. नवरा तापट असेल आणि मिठाचे प्रमाण चुकले तर कांगावा करणारा असेल, तर त्याच्या बायकोने जिभेच्या टोकावर चव पाहावी, गिळू नये. शास्त्रकारांना संसार ठाऊक होता. त्यांनी बाईला सवलत दिली, ती योग्यच. आज एवढे म्हणता येईल की त्या सवलतीची गरजच पडणार नाही असा नवरा होणे अवघड नाही. मीठ कमी पडले तर मिठाची वाटी दस्तरखानावर असतेच.

मग महिनाभर खायचे काय? उत्तर घराघरांत आधीपासून आहे. लहान मुलाला आवडते, दात पडलेल्या दादीला चावता येते, शेतातून आलेल्याचे पोट भरते, एका भांड्यात होते आणि अर्ध्या तासात उतरते, असे अन्न म्हणजे खिचडी. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मसूर किंवा मुगाची डाळ. तेलावर जिरे, दोन लवंगा, उभा चिरलेला कांदा, आले-लसूण, हळद. धुतलेले डाळ-तांदूळ परतून पाणी आणि मीठ घातले, झाकण लावले की झाले. सोबत खट्टा. चिंचेच्या कोळात भाजून कुटलेले तीळ आणि शेंगदाणे, बारीक चिरलेला कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची पूड. याला शिजवावे लागत नाही. तीळ-दाणे आठवड्याचे एकदम कुटून ठेवले की पाच मिनिटांचे काम, आणि ते दहा वर्षांच्या मुलालाही जमते. ज्याला मांसाहार हवा त्याने जोडीला खिमा करावा. खिचडी, खिमा आणि खट्टा हे त्रिकूट हैदराबादकडचे. नगर जिल्ह्याची पूर्वेची हद्द 1948 पर्यंत निजामाच्या मुलखाला भिडलेली होती, त्यामुळे ते इकडे परके वाटत नाही.

खिचडीला गरिबाचे किंवा आजाऱ्याचे अन्न समजणाऱ्यांनी तिचा इतिहास पाहावा. चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेला प्रवासी इब्न बतूता मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खाण्याची इथली पद्धत नोंदवतो आणि लोक सकाळी हेच खातात असे सांगतो. अकबराच्या काळात अबुल फज्लने लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त खिचडीचे प्रमाण दिले आहे: तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी पाच शेर. एवढे तूप आजच्या घराला परवडणार नाही आणि पचणारही नाही. पण बादशाही मुदपाकखान्यात खिचडी होती, हे नक्की. जहांगीर 1618 मध्ये गुजरातेत असताना त्याने बाजरीची खिचडी खाल्ली. ती त्याला इतकी आवडली की मांस वर्ज्य असलेल्या दिवशी ती आपल्यासाठी करावी, असे त्याने सांगून ठेवले. तेव्हा ज्याच्या घरी बाजरी आहे त्याने संकोच करायचे कारण नाही.

बाजरी तर नगर जिल्ह्याची स्वतःची. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या भागात ऊस आणला, गहू वाढला. तरी पाटाच्या पलीकडच्या कोरडवाहू शिवारात बाजरीच राहिली आणि भाकरीही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, हिंदू घरांत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मुगाची खिचडी होते. तीच बाजरी सहेरीलाही चालते. बाजरीला पाण्याचा हात लावून ती ओबडधोबड कांडायची, कोंडा पाखडायचा आणि तरावीहला जाण्याआधी मुगाच्या डाळीबरोबर भिजत ठेवायची. पहाटे कुकरमध्ये जास्त पाणी घालून मऊ शिजवायची आणि वर लसणाची फोडणी, तूप, वाटीभर ताक किंवा कढी घ्यायची. ही खिचडी पोटात हळूहळू उतरते आणि दुपारपर्यंत आधार देते.

रक्तक्षयाच्या आकड्यासमोर बाजरीचे आणखी एक महत्त्व आहे. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था आणि शेजारच्या राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून 'धनशक्ती' हे बाजरीचे वाण महाराष्ट्राच्या शेतात आले. दाण्यात लोह जास्त असावे म्हणून ते मुद्दाम निवडलेले आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, त्याची भाषणे झाली आणि विसरली गेली. ज्या गावापासून विद्यापीठ इतके जवळ आहे तिथे ही बाजरी आधी घरच्या बाईच्या ताटात यायला हवी. डाळ-तांदूळ किंवा डाळ-बाजरी एकत्र आले की धान्यात जे प्रथिन कमी असते ते डाळ भरून काढते आणि डाळीत जे कमी असते ते धान्य. लिंबू पिळले तर लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी लागते. इफ्तार होताच चहाचे आधण ठेवण्याची सवय तासाभराने पुढे ढकलली तरी पुष्कळ झाले. रोजा ठेवणाऱ्या मधुमेही माणसाने मात्र काय खावे आणि रोजा ठेवावा का, हे आधी डॉक्टरांना विचारावे.

खिचडीचा कंटाळा आला तर वरणफळे आहेत. काही घरांत त्यांना चकोल्या म्हणतात. तुरीच्या वरणाला फोडणी द्यायची, कणकेची पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे उकळत्या वरणात सोडायचे. पोळी वेगळी नको, भात वेगळा नको, एकच पातेले. याच जिल्ह्यातल्या शिर्डीच्या साईबाबांची हंडी प्रसिद्ध आहे. हेमाडपंतांच्या 'श्रीसाईसच्चरिता'त तिचे वर्णन आले आहे. बाबा स्वतः बाजारात जाऊन रोखीने सामान आणत, स्वतः मसाला वाटत, गोड भात शिजवत, कधी मांसाचा पुलाव करत, कधी वरणात कणकेच्या टिकल्या सोडत, ज्वारीच्या पिठाची आंबील करत. अन्न तयार झाले की मौलवी फातिहा पढत आणि मग सगळ्यांना वाढले जाई. मशिदीच्या अंगणात चूल मांडून ती पेटवण्यापासून वाढण्यापर्यंत सगळे एक पुरुष करत होता, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. शिर्डीला जाणाऱ्या हजारो पुरुष भक्तांनी आणि त्यांच्या मुस्लिम शेजाऱ्यांनी घरी येऊन यातले थोडे केले तर काय बिघडेल?

यावर एक आक्षेप हमखास येतो: बायकांनाच हौस असते, कुणी जबरदस्ती केलेली नाही. तो अगदीच खोटा नाही. वर्षभर मुले ज्या भज्यांची वाट पाहतात ती तळून त्यांच्या पुढ्यात ठेवण्यात आनंद असतो. रोजेदाराला जेवू घालण्याचे पुण्य मोठे मानले आहे आणि ते पुण्य बाईलाही हवे असते. सण म्हटला की चार पदार्थ जास्त होणारच. पण एखाद्या दिवसाची हौस आणि तीस दिवसांची सक्ती यांत फरक आहे. जी गोष्ट न केल्यास घरात तोंडे वाकडी होतात, तिला हौस म्हणता येत नाही. शिवाय हौस बाईची असेल तर ती भागवताना कांदा चिरायला, पुऱ्या लाटायला आणि नंतर कढई घासायला आणखी दोन हात पुढे आले म्हणून ती कमी होत नाही. इबादतीसाठी सगळ्यांत शांत वेळ पहाटेची आणि मगरीबच्या आधीची मानली जाते. नेमक्या त्याच दोन वेळा ती स्वयंपाकघरात असते. घरातल्या पुरुषांची कुरआनाची पारायणे पूर्ण होतात. तिचे पारायण दरवर्षी अर्ध्यावर का राहते, याचे उत्तर तिच्या आळसात सापडणार नाही.

उपाय मोठे नाहीत. सहेरी रोज एका भांड्याची ठरवावी: खिचडी, वरणफळे, दूध-पोळी किंवा दुधात भिजवलेल्या फेण्या, सोबत दही, केळे आणि पाणी. इफ्तार खजूर, पाणी, फळ आणि हरभऱ्याच्या घुगऱ्या एवढाच ठेवून मगरीबनंतर सरळ जेवायला बसावे, म्हणजे दोन स्वयंपाकांचा एक होतो. तळण शुक्रवारी किंवा घरात पाहुणे येतील त्या दिवशी. भांडी घासणे, दस्तरखान घालणे आणि उचलणे, पहाटे कुकर लावणे ही कामे घरातल्या मुलग्यांना आणि पुरुषांना वाटून द्यावीत. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला पहिला रोजा धरायला शिकवले जाते, तेव्हाच खिचडी टाकायलाही शिकवावी. आणि बाईने सगळ्यांबरोबर त्याच दस्तरखानावर, त्याच वेळी, गरम खावे. अजान झाली तेव्हा ती अजून शेवटचा घाणा काढत असेल, तर त्या घराचा इफ्तार वेळेवर झाला असे म्हणता येणार नाही.

मशिदींच्या जमातींनाही यात काम आहे. मशिदीत सामूहिक इफ्तार होतो तेव्हा घरोघरचे ताट तिकडे जाते, पुरुष तिथे एकत्र बसतात आणि ताट भरणारी घरी उरलेल्यावर रोजा सोडते. 2023 मध्ये युनेस्कोने इफ्तारच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, ते एकत्र बसून वाटून खाण्याच्या रीतीसाठी. वाटून खायचे असेल तर कामही वाटून घ्यावे लागेल. शुक्रवारच्या बयानात जकात आणि फितऱ्याबरोबर पाच मिनिटे घरकामाच्या सुन्नतीवर बोलले गेले, तर त्याचा परिणाम चार लेखांपेक्षा जास्त होईल.

हिंदू शेजाऱ्यांचे रमजानशी नाते आजवर बहुतेक ताटाचे राहिले आहे. इफ्तारचे आमंत्रण येते, ईदला शीरखुर्म्याचा डबा येतो, दिवाळीला फराळ उलट जातो. ही देवाणघेवाण गावाला धरून ठेवते आणि ती चालू राहावी. तिच्यात एक भर घालता येईल. मार्चमधल्या एखाद्या संध्याकाळी शेजारणीने मूगडाळीच्या खिचडीचे पातेले नाहीतर कापलेल्या कलिंगडाचे ताट पाठवले तर रोजा ठेवलेल्या बाईची एक वेळ मोकळी होईल. आणि आषाढी एकादशीला तेच पातेले शेंगदाण्याची आमटी घेऊन उलट दिशेने जाऊ शकते. यासाठी कुठल्या सलोखा समितीची बैठक लागत नाही.

रमजान संपेल तशी ईद येईल आणि तिच्या आदल्या रात्री शीरखुर्म्याची तयारी असेल. सुका मेवा भिजवायचा, बदाम-पिस्ते सोलून बारीक कापायचे, चारोळी निवडायची, खारीक चिरायची, शेवया तुपात परतायच्या आणि लिटर-लिटर दूध आटवत बसायचे. चाँदरातीला बाजार फुललेला असतो आणि पुरुष बाजारात असतात. ईदच्या दिवशी ज्यांच्या घरी शीरखुर्म्याची वाटी हातात पडेल, त्यांनी तो किती छान झाला हे तर सांगावेच. त्याबरोबर बदाम कुणी कापले, हेही यजमानाला एकदा विचारावे.